पत्ता बदललेली पुस्तकं

सुरुवात एका कपाटाने झाली म्हणतात.
विनिपेगमधलं कलाविद्यालय, जिन्याखालची जागा,
आधी तिथे कोळशाची फावडी असत.
दार अडकायचं; थॉरगेर्डुर एयफर्ड ते गुडघ्याने ढकलायच्या.
किल्ली गळ्यात, लोकरीच्या धाग्यात ओवलेली.
पुस्तकं एकशे अकरा,
त्यातली चाळीस एका मयत धान्यव्यापाऱ्याची.
त्याने ती विकत घेतली होती, उघडली नव्हती.
पानांच्या कडा तशाच जोडलेल्या.

पहिलं वर्षभर बाईंनी ती पानं कापली,
लोण्याच्या सुरीने.
नोंदवहीत एका गुरुवारी एवढंच लिहिलंय:
"आज फ्लोरेन्स पूर्ण कापून झालं."

मग विद्यापीठाने आम्हांला पदरात घेतलं,
म्हणजे तळघर दिलं.
पन्नास साली नदी चढली तेव्हा
मुलांनी रांग लावली, हातातून हातात, तिसऱ्या मजल्यापर्यंत.
जड पुस्तकं खालच्या फळीवर ठेवायची,
हा शहाणपणाचा नियम त्या रात्री बुडाला.
म्हणून आमच्याकडे चित्रकला पुष्कळ
आणि जुनी शिल्पकला जवळजवळ नाहीच.

मी आलो त्र्याऐंशी साली, ट्रॉली ढकलायला.
तेव्हा राज्य ओलेना ह्रिन्चुकचं,
बासष्ट हजार स्लाइड्सचं.
प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल ठिपका:
तो उजव्या अंगठ्याखाली आला
की पडद्यावर चित्र सरळ.
एकदाच चुकली ती. एका डच खिडकीवर ठिपका उलट्या बाजूला पडला,
आणि अकरा वर्षं सगळ्या वर्गांनी
उजेड उजवीकडून येताना पाहिला, टिपणंही काढली.
कोणीही हात वर केला नाही.

बाहेर उणे चौतीस.
निम्मे वाचक रेडिएटरसाठी यायचे, हे आम्हांला माहीत होतं.
घोरणाऱ्यांना ओलेना उठवायची नाही,
फक्त गालाखालचं पुस्तक काढून
तिथे वर्तमानपत्र सरकवायची.

डेल्फीन लारोक आली ती जानेवारीत.
तिला मणीकाम हवं होतं, मेटी लोकांचं,
मखमलीवरची फुलं, उंदराएवढ्या देठांची वळणं.
मी कार्डांचा खण ओढला.
कार्डावर: मानववंशशास्त्र, दुसरी इमारत, तळमजला.
ती गेली आणि तासाभरात परत आली, पापण्यांवर बर्फ.
"मिस्टर क्लासेन, पुस्तकं कवट्यांच्या शेजारी आहेत."
मी म्हटलं, वर्गीकरण तसंच आहे.
"माझी मावशी जिवंत आहे," ती म्हणाली.
"दर मंगळवारी शिकवते."

समितीला तीन हिवाळे लागले.
पत्रं, उत्तरं, उत्तरांवरची पत्रं.
शेवटी त्रेचाळीस पुस्तकं
मी आणि ती, घसरगाडीवर ताडपत्री बांधून,
गोठलेल्या मैदानावरून ओढत आणली.
अंतर चारशे पावलं.
ओलेनाने जागा करून ठेवली होती, व्हेनिसला थोडं सरकवून.
पाठीवरचे जुने आकडे मी रबराने खोडले,
नवे लिहिले.

त्यानंतरचं लवकर सांगतो, घडलंही लवकर.
कार्डं गेली; त्यांच्या पाठीवर आम्ही वर्षानुवर्षं
फोन नंबर लिहिले.
स्लाइड्स स्कॅन झाल्या, पेट्या कचऱ्यात.
ओलेना त्या दिवशी कामावर आली नाही.
मग आम्ही मोठ्या ग्रंथालयात विलीन,
आणि दोन तृतीयांश पुस्तकं विमानतळाजवळच्या गोदामात.
मागितलं की परवा मिळतं.
जिन्याखालच्या कपाटात आता इंटरनेटचं यंत्र लुकलुकतं;
दार अजून अडकतं.

काल डेल्फीनच्या विद्यार्थ्यांची चिठ्ठी आली, तिसांजणांची.
गोदामातून पुस्तकं आली, थंडगार.
टेबलावर मांडताना खिडकीतून तिरका उजेड पडला
आणि नव्या आकड्याखाली
माझ्या रबराला न गेलेला जुना आकडा दिसला,
कागदात रुतलेला.

पुसायला हात गेला होता.
ठेवला तसाच.
कोणीतरी हात वर करेल.